कॅथलिक होमस्कूलिंग कुटुंबांचे गट-उपक्रम : इंदूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गटात किती कुटुंबे असावीत?

सहा ते आठ. म्हणजे साधारण पंधरा ते वीस मुले. चारच कुटुंबे असली की दोन घरांत ताप-खोकला आला आणि उपक्रम बारगळला. दहाच्या पुढे गेलात की कोणाच्याच बैठकीत मुले मावत नाहीत. मग हॉल आला, आणि हॉलबरोबर किल्ली, भाडे, खुर्च्या आणि 'आज झाडायचे कोणी' हा वाद. संख्या वाढतच असेल तर गटाचे दोन गट करा आणि मोठ्या सणांना एकत्र या.

दर आठवड्याला भेटावे का?

नको. महिन्यातून दोनदा पुरते, शक्यतो ठरावीक वारी, उदाहरणार्थ दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. दर आठवड्याला भेटणारे गट बहुधा दोन-तीन महिन्यांत थकतात. घरचे गणित-भाषा मागे पडते, आई-वडिलांची चिडचिड सुरू होते आणि एकेक कुटुंब 'या वेळी जमत नाही' म्हणू लागते. घरी जे होऊ शकत नाही तेवढ्यासाठीच गट असावा: सोबत, खेळ, एकत्र प्रार्थना, सहल, नाटुकले. भागाकार घरी.

एका भेटीची आखणी कशी करावी?

अडीच तास धरा आणि त्यात मुख्य उपक्रम एकच ठेवा. दोन ठेवले की पहिला अर्धवट राहतो आणि दुसरा घाईत उरकतो. सर्वसाधारण क्रम असा: पहिली पंधरा मिनिटे येणे, चपला, पाणी, दहा मिनिटे प्रार्थना आणि त्या दिवसाच्या संताबद्दल दोन शब्द, पन्नास मिनिटे मुख्य उपक्रम, वीस मिनिटे खाणे, उरलेला वेळ मोकळा खेळ. खेळाला कात्री लावू नका. घरी शिकणाऱ्या मुलांना समवयस्कांत भांडून पुन्हा गट्टी करण्याची संधी इथेच मिळते.

भेटीला मिस्सा (चर्चमधली ख्रिस्तप्रसादाची उपासना) जोडून ठेवली असेल तर खाणे नंतर. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास पाणी आणि औषधाखेरीज काही घ्यायचे नसते. पोहे आधी वाटले आणि मिस्सा पाऊण तासाने सुरू झाली, तर ख्रिस्तप्रसादाची वेळ येईतो तास सहसा उलटून गेलेला असतो. पण एखादा धाकटा मिस्सेच्या उंबरठ्यावर बिस्किटाचा पुडा फोडतोच. त्यामुळे डबे गाडीतच राहू द्या.

इंदूरचा उन्हाळा लक्षात घेता एप्रिल ते जून सकाळी साडेसात ते दहा हीच वेळ. डिसेंबर-जानेवारीत साडेनऊच्या आधी कोणी येत नाही, बोलावूही नका.

वर्षभराचे विषय कसे ठरवावेत?

विषय शोधत बसावे लागत नाही, उपासना-वर्षाचे, म्हणजे चर्चच्या सणवारांचे, कॅलेंडर समोर घ्या. बाकीचे नियोजन त्यावर बसते. नमुना म्हणून:

जुलैत ३ तारखेला संत थोमा. सप्टेंबरात ५ ला कोलकात्याच्या संत तेरेसा आणि ८ ला पवित्र मरियेचा जन्म. त्या दिवशी मुलांकडून फुले वाहून घेणे सोपे आणि सुंदर. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि ४ ऑक्टोबरला असिसीचे संत फ्रान्सिस. इंदूरचे कॅथेड्रल, ज्याला सगळे शहर लाल चर्च म्हणते, ते त्यांच्याच नावाचे आहे. १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू होतो. ६ फेब्रुवारीला, नागासाकीच्या इतर हुतात्म्यांबरोबर, संत गोन्सालो गार्सिया: वसईत जन्मलेले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेलेले, भारतात जन्मलेले पहिले संत. वसईहून इकडे आलेल्या घरांतल्या मुलांना हे नाव ठाऊक नसेल तर ती उणीव आपली. २५ फेब्रुवारीला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) राणी मारिया, ज्यांच्याविषयी खाली वेगळे लिहिले आहे.

वर्षाचे चोवीस दिवस भरू नका. सोळा-सतरा ठरवा, बाकी रिकामे सोडा. आजारपण, पाहुणे, पाऊस ते आपोआप भरतात. दहावी-बारावीची मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) परीक्षा देत असतील तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांच्यावर कसलीही जबाबदारी टाकू नका.

चार वर्षांचे आणि चौदा वर्षांचे मूल एकाच उपक्रमात कसे बसवायचे?

बसवायचे नाही, जोडायचे. बारा वर्षांवरील प्रत्येकाच्या हाती सहा वर्षांखालचे एक मूल द्या, आणि ते भावंड नसावे. आपल्या भावंडाशी मुले घरच्याच सुरात बोलतात. मोठ्यांना मात्र अर्धा तास त्यांचा स्वतःचा हवा, ज्यात छोटे नसतील. तो मिळाला नाही की चौदा वर्षांचा मुलगा तिसऱ्या भेटीपासून मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो, आणि चूक त्याची नसते.

जपमाळ बनवण्याचा उपक्रम नेमका कसा घ्यावा?

पूर्ण माळेला ५९ मणी लागतात: ५३ लहान, 'नमो मरिया'साठी, आणि ६ मोठे, 'हे आमच्या स्वर्गातील बापा'साठी. पन्नास मिनिटांत ती दहा वर्षांखालच्या मुलाची होत नाही. म्हणून एका दशकाची माळ घ्या: क्रूस, एक मोठा मणी, दहा लहान मणी, शेवटी एक कडी.

वीस मुलांसाठी ८ मिमीचे २२० लाकडी मणी, १० मिमीचे २२, तितकेच क्रूस आणि कड्या. दोन जास्तीचे हरवण्यासाठी; हरवतातच. दोरा नायलॉनचा, ०.६ ते ०.७ मिमी, प्रत्येकी ५० सेंमी. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानदार '१ मिमी घ्या, मजबूत असतो' म्हणतो. दोरा दुहेरी ओवायचा असल्याने १ मिमीचे दोन पदर ८ मिमीच्या मण्याच्या भोकातून जात नाहीत, आणि वीस मुले सुईसाठी रांग लावतात. दुकानातच दुहेरी दोरा ओवून पाहा.

कृती: दोरा मधोमध दुमडा. दुमडलेले टोक क्रूसाच्या कडीतून घालून त्याच फासातून दोन्ही मोकळी टोके ओढून घ्या. दोन्ही टोके एकत्र सेलोटेपने गुंडाळली की सुई लागत नाही. मोठा मणी ओवा, गाठ. दहा लहान मणी ओवा. आता गाठ मारू नका. आधी सगळ्यांनी मिळून त्या सुट्या माळेवर एक दशक म्हणा. ज्याच्या माळेत नऊ किंवा अकरा मणी असतील त्याला दहाव्या 'नमो मरिया'ला कळते, आणि प्रार्थनाही होते. मग कडी बांधून दुहेरी गाठ. नायलॉनची एकेरी गाठ घरी पोहोचेपर्यंत सुटते. टोक मेणबत्तीवर हलके वितळवून बसवायचे काम मोठ्यांचेच.

मणी वाटीत द्यायचे, पण स्टीलच्या वाटीत तळाला रुमाल घाला. नाहीतर ते टणाटण उडतात आणि अर्धा वेळ सोफ्याखाली जातो. तीन वर्षांखालच्या मुलांना मणी अजिबात नको. ते तोंडात जातात.

सर्व संतांच्या दिवशी वेशभूषा ठेवायची आहे. काय लक्षात ठेवावे?

नावे दोन आठवडे आधी नोंदवा, नाहीतर निळ्या काठांच्या पाच पांढऱ्या साड्या येतात. प्रत्येकाने आपल्या संताबद्दल तीन सूचक वाक्ये पाठ करायची आणि बाकीच्यांनी ओळखायचे. वेश घरातल्या चादरी-ओढण्यांतूनच करायचा. भाड्याचे कपडे आले की स्पर्धा सुरू होते, मुलांची कमी आणि आयांची जास्त. हुतात्म्यांच्या हाती खरी सुरी देऊ नका, हे लिहावे लागते.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत जाणार असाल तर दिवाळीच्या उरलेल्या पणत्या न्या. पातळ मेणबत्त्या वाऱ्यात विझतात किंवा वाळल्या गवतावर कलंडतात. तिथे जे काळजी घेतात त्यांना आधी विचारा, आणि ज्या थडग्यांवर कोणी येत नाही तिथेही मुलांना थांबू द्या.

आगमनकाळ आणि नाताळ गोठा?

हिरव्या फांद्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. फांद्या आठवडाभरात वाळून कागदासारख्या पेटतात, म्हणून चक्र स्टीलच्या परातीत ठेवा आणि फांद्या दर आठवड्याला बदला. गोठ्यात वाळला पेंढा आणि बल्बच्या माळा एकत्र असतील तर मोठी माणसे झोपायला जाताना प्लग काढून जावीत. बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीपर्यंत एखाद्या घरी लपवून ठेवा. ती कोणाकडे आहे यावर मुले महिनाभर तर्क लढवतात.

गटात केरळची कुटुंबेही आहेत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात गोंधळ होतो, तो कसा टाळावा?

इंदूर धर्मप्रांत लॅटिन विधीचा आहे. शेजारचा उज्जैन सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या पौर्वात्य कॅथलिक विधीचा. लॅटिन विधीत उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, सिरो-मलबारमध्ये त्याच आठवड्यातल्या सोमवारी. म्हणजे मंगळवारी ठेवलेली 'उपवासाआधीची मेजवानी' अर्ध्या गटासाठी उपवासातच येते. शिवाय त्या घरांतले बरेच जण पूर्ण काळ मांस, मासे, अंडी सोडतात, काही जण दूधही. अंड्याचा केक आणून 'मुलांना काय होते' म्हणणे बरे नव्हे. त्या दिवसांत साधा शिधा ठरवून टाका: फळे, चणे, शेंगदाणे, साबुदाण्याची खिचडी.

नियम म्हणून पाहिले तर मांस वर्ज्य करण्याचे बंधन चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागते आणि उपवासाचे अठरा पूर्ण झाल्यावर. त्याआधी मुलांना स्वतःहून काहीतरी सोडू द्या, ते काय हे चारचौघांत विचारू नका.

क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने सात कुटुंबांत दोन-दोन वाटली की नेमकी बसतात. चित्र मुलांनी काढायचे, प्रार्थना दोन-तीन वाक्यांची. एकूण पंचवीस-तीस मिनिटे. त्याहून लांबली की अकराव्या स्थानापाशी ढकलाढकली सुरू होते. झावळ्यांच्या रविवारी पात्यांचे क्रूस विणायचे असतील तर शिंदीची पाती आदल्या संध्याकाळी तोडून ओल्या कापडात गुंडाळा. सकाळी उन्हात ठेवलेली पाती दुमडताना तुटतात.

उदयनगरला मुलांना नेता येईल का?

न्यावेच. सिस्टर राणी मारिया केरळच्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनी. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर परिसरात त्या आदिवासी शेतमजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्याचे, हक्काच्या योजना मिळवून देण्याचे काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमधून प्रवास करताना त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांचे थडगे उदयनगरला आहे.

खुनाचा तपशील लहान मुलांना सांगायची गरज नाही. सात वर्षांखालच्यांना एवढेच: गरिबांच्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून त्यांना मारले. मोठ्यांना पुढचा भाग सांगा, कारण खरे अवघड तेच आहे. त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. राखी म्हणजे काय हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. नंतर लगेच चर्चा घडवू नका. प्रश्न परतीच्या गाडीत येतात.

व्यवस्था: तिथल्या धर्मगुरूंना किंवा सिस्टरांना किमान दोन आठवडे आधी कळवा. २५ तारखेला गर्दी असते. लहान मुले असतील तर आधीचा शनिवार बरा. सकाळी सातला निघा, डबे आणि पाणी घरून न्या, ओकारीच्या पिशव्या पुढच्या सीटच्या खिशात. काही वर्षी हा दिवस उपवासकाळात येतो, त्यामुळे डबा साधाच.

मुले घरी मराठी, बाहेर हिंदी, अभ्यासात इंग्रजी. प्रार्थना कोणत्या भाषेत?

गटात मराठी घरे जास्त असतील तर जपमाळेचे एक दशक कायम मराठीत ठेवा, बाकी हिंदीत. सगळे मराठीत केले की तमिळ किंवा मल्याळी घरे तोंड मिटून बसतात. इंदूरच्या मराठीत 'हो ना भिया' शिरणारच, त्याची लाज नको. पण प्रार्थनेचे शब्द मात्र आजी-आजोबांकडून नीट घ्या. वसईचे, नगरचे, जालन्याचे पाठ थोडे वेगळे असतात, आणि ते एकत्र म्हणताना दुसऱ्याच ओळीला गाडे अडते. एक पाठ ठरवून छापील कागद वाटा.

मोठ्या मुलांसाठी एक चांगला उपक्रम: ओवी रचणे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, ते ओवीतच आहे. चार चरण, पहिल्या तीनांत यमक, चौथा आखूड. बायबलमधला एखादा प्रसंग घेऊन चौघांनी एकेक चरण करायचा. तिसऱ्या चरणाच्या यमकाला सगळे अडतात, आणि तिथेच मजा येते.

सहलीला कुठे जावे?

केंद्रीय संग्रहालय आणि लालबाग राजवाडा या अर्ध्या दिवसाच्या चांगल्या जागा. सोमवार टाळा. रालामंडलला टेकडी चढून होळकरांच्या शिकारखान्यापर्यंत जाता येते, हिवाळ्यातच जा. पाताळपाणी धबधब्याला पावसाळ्यात लहान मुलांचा गट नेऊ नये. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी एकदम वाढते; जुलै २०११ मध्ये असाच लोंढा येऊन तिथे माणसे वाहून गेली. पाच मुलांमागे एक मोठा माणूस, पाण्याजवळ तिघांमागे एक. गाडीत बसताना मुले मोजा आणि उतरतानाही, मोजणारी व्यक्ती एकच.

खाण्याचे काय?

पोहे, आणखी काय! पस्तीस-चाळीस जणांना तीन किलो जाड पोहे पुरतात. चाळणीत पाण्याखाली धरून निथळा, भिजत घालू नका. मोठ्या प्रमाणात केले की तळचे पोहे गोळा होतात ते भिजत ठेवल्यामुळेच. मिरची फोडणीत कमी, जीरावन मसाला आणि शेव वरून. पाळी लावा, दर वेळी दोन घरे. ज्यांची पाळी त्यांनी मुख्य उपक्रम घ्यायचा नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायला इंदूरच्या मुलांना शिकवावे लागत नाही. उलट मोठ्यांनी चहाचा कागदी कप चुकीच्या डब्यात टाकला की तीच ओरडतात.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी कोणते नियम लेखी असावेत?

कोणतीही मोठी व्यक्ती दुसऱ्याच्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटी नसेल. धर्मगुरू, सिस्टर, आजोबा, कोणालाही अपवाद नाही. शौचालयात लहान मुलाला त्याचेच पालक नेतील. फोटो फक्त गटाच्या ग्रुपवर, बाहेर टाकायचे तर पालकांची परवानगी. मुलाने काही सांगितले तर 'असे कसे होईल' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ऐकायचे आणि कळवायचे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. चाइल्डलाइन १०९८, तातडीसाठी ११२. हे दोन क्रमांक फळ्यावर कायम.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी गटातच केली तर चालेल?

तयारी पालकांनी करावी हे चर्चच्या कायद्यालाही मान्य आहे, पण मूल तयार आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) धर्मगुरूंचीही आहे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच फादरांना भेटा, कोणते पुस्तक घेणार ते दाखवा, मुलांना दोन-तीनदा त्यांच्यासमोर बसवा. आयत्या वेळी यादी घेऊन गेलात तर नकार मिळेल, आणि तो रास्त असेल. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला पर्याय म्हणून गट उभा करू नका. धर्मग्रामाला आपण वेगळी चूल मांडली असे वाटले की हॉलची किल्लीही मिळत नाही.

कायद्याने हे सगळे चालते का?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, मात्र त्यासाठी पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंगचा त्यात उल्लेख नाही. पण मान्यतेशिवाय शाळा चालवणे याच कायद्याने दंडनीय आहे, एक लाख रुपयांपर्यंत. त्यामुळे गटाला नावाची पाटी, रोजचा वर्ग, फी, गणवेश यांपैकी काही नको. मुक्त विद्यालयातून दहावीला बसण्यासाठी किमान वय चौदा वर्षे. जन्मदाखला आणि आधारमधील नावाचे स्पेलिंग बाराव्या वर्षीच जुळवून घ्या. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव आणि जन्मदाखल्यावर दुसरे, हे आपल्याकडे फार घरांत असते.

शेजारची हिंदू, जैन, मुस्लिम मुले येऊ शकतात का?

खेळाला, सहलीला, हस्तकलेला जरूर. प्रार्थना आणि धर्मशिक्षण वेगळ्या वेळी ठेवा, आणि त्यांच्या आई-वडिलांना कार्यक्रम काय आहे ते आधी लेखी कळवा. मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, त्यात प्रलोभन हा शब्द आहे; भेटवस्तू वाटण्याचा उत्साह आवरा. तसेही शेजाऱ्याच्या मुलाला न विचारता प्रार्थनेला बसवणे सभ्यपणाचे नाही.

पैसे आणि कामाची वाटणी?

दर मुलामागे ठरावीक छोटी वर्गणी, एक वही, आणि ती वही दर तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती. ज्या घराला जड जाते ते पोहे किंवा श्रम देईल. हे वहीत लिहायचे नाही. संयोजकही वर्षाने बदला. एकच ताई सगळे करत असेल तर ती गावाला गेली की गट संपतो. पुढच्या वर्षाचे नाव ईस्टरनंतरच्या भेटीत ठरवा, जूनपर्यंत थांबू नका: उन्हाळ्यात अर्धी घरे वसईला नाहीतर केरळला गेलेली असतात.